चार बोटं पाणी

पाव लिटरच्या चंबूत सगळं सोपं होतं.
गंधक काढून घेतलं, बूच घट्ट बसवलं,
चंबू खिडकीत ठेवला.
तिसऱ्या दिवशी काचेला आतून
मोहरीएवढे बुडबुडे.
डॉक्टर एर्मेलिंदांनी केक आणला,
बदामाचा, खास ताविराहून.

आता चंबूच्या जागी
हजार लिटरच्या नळ्यांचा काचमांडव,
ओल्याँवच्या खाजणाकाठी,
जिथं माझ्या बाबांची मिठागरं होती.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी जागते. रात्रपाळीला.
झडपा तपासते, उजाडायची वाट पाहते.

चार हजार चंबू म्हणजे हजार लिटर,
एवढा हिशेब मलाही येतो.
शेवाळाला येत नाही.
वरच्या थरातल्या पेशी पंगतीत पुढं बसतात,
ऊन ओरपतात,
पचत नाही ते सांडून देतात,
आणि हातभर खाली
भर दुपारी अमावास्या.

"उपाशी ठेवायचं," डॉक्टर म्हणतात,
"पण मरू द्यायचं नाही."
गंधक तोडलं की त्यांचा प्राणवायू आटतो,
उरलासुरला त्या स्वतःच श्वासात संपवतात,
आणि घुसमटीच्या काठावर, नाइलाजानं,
हायड्रोजन सोडून देतात.
चार दिवस.
पाचव्या दिवशी हिरवा रंग शिळ्या पालकासारखा होतो.
मग मी गंधकाचं पाणी सोडते.
बाळाला औषध पाजल्यासारखं वाटायला हवं.
वाटत नाही.
तुरुंगातल्या उपोषणकर्त्याला
नाकातून नळी घालून भरवल्यासारखं वाटतं.

मंगळवारी लिस्बनहून चौघं आले, चकचकीत बुटांत.
एकानं विचारलं, यावर बस किती चालतील?
डॉक्टरांनी आलेख दाखवला,
वर वर जाणारा, तुटक रेघेचा.
मी मागं उभी. पाळी संपली होती, तरी उभी.
मला ठाऊक होतं,
आठवड्याच्या वायूवर आम्ही
कँटीनमधला पंखा चालवला होता,
एक दुपार.
आणि निम्मा वायू वाटेतच गेला असावा.
या वायूला दार लागत नाही,
दोन लोखंडांत भांडण झालं
तरी त्या फटीतून तो निघून जातो.

रविवारी बाबा आले. बेल्मीरु, वय एक्क्याऐंशी.
टोपी काढून मांडवाखालून हिंडले,
एका नळीवर टिचकी मारली.
"वजन किती निघतं?"
"आठवड्याला सोळा ग्रॅम."
त्यांनी तळहात वर केला, जणू त्यावर मीठ आहे.
तीन चमचेही नाही.
हसले नाहीत. तेच जास्त लागलं.
मग म्हणाले,
"मिठाला चार बोटं पाणी, इदालिना.
पाचवं बोट घातलंस की मीठ रुसतं.
तुम्ही रांजण भरलेत. परात मांडायला हवी होती."

डॉक्टरांना सांगितलं तर त्या नळीला टेकून बसल्या.
"माहीत आहे गं. पण परात मांडायची तर
फारूपर्यंतचा किनारा लागेल.
आणि वर झाकण.
तुझ्या बाबांचं मीठ उडून जात नव्हतं."

म्हणून आता नवी जात आली आहे,
ऊन झेलणारे पंजे छाटलेली,
स्वतः कमी खाऊन खालच्यांना उरू देणारी.
पण ती वाढते हळू,
आणि कुठूनसं आलेलं रानटी शेवाळ
तिला आठवड्यात गिळून टाकतं.
दोनदा नळ्या धुतल्या.
तिसऱ्यांदा कालच भरल्या.

सहा वाजून चाळीस मिनिटं.
पडीक मिठागरात रोहित पक्षी डोकी खाली घालून
चिखल गाळताहेत.
ऊन पहिल्या नळीवर येतं, दुसरीवर यायला वेळ लावतं.
सांध्याला साबणाचा फेस लावते.
फेसात एक डोळा उघडतो,
फुगतो,
आणि रजिस्टर तसंच उघडं टाकून
मी रबरावर अंगठा दाबून धरते.